जुन्या झेनमध्ये एस्टीमचं १.३ इंजिन घरीच बसवायचंय, कोणी केलंय का?

मालगुंडची_झेन:
नमस्कार मंडळी. गाडी मारुती झेन, ९८ सालची, कार्बोरेटरवाली, एमएच ०८ पासिंग. बाबांनी नवी घेतलेली, सगळ्या घराचा जीव आहे तिच्यावर, त्यामुळे विकायचा विषयच नाही हे आधीच सांगतो. अडचण एकच, घाट. बहीण कोल्हापूरला दिलीय त्यामुळे निवळी, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट हा आमचा ठरलेला रस्ता. साखरप्यापर्यंत गाडी मस्त जाते पण चढ लागला की चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी बंद करूनसुद्धा तिसऱ्यात ओढत नाही, दुसऱ्यात टाकली की नुसती ओरडते, मागे एसटी लागलेली असते, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही आणि आई मागच्या सीटवरून म्हणते बाजूला घे रे, जाऊदे त्याला एकदाचा.

आता कोल्हापुरात भावजींच्या ओळखीत एक एस्टीम भंगारात निघालीय, इंजिन चालू कंडिशन म्हणतात. झेन ९९३ सीसी, एस्टीम १२९८, म्हणजे मोठाच फरक. घरामागे मांगर (सामानाची खोपी) रिकामा आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत, टू व्हीलरची इंजिनं खोललीत, झेनची क्लच प्लेट मित्राबरोबर घरीच बदललीय. तर बसतं का, काय काय बदलावं लागतं, गिअरबॉक्स कुठला ठेवायचा आणि पावसाआधी उरकेल का? जाणकारांनी सांगा.

परशुराम_घाट:
बसतं. हा आपल्याकडचा जुना खेळ आहे, रॅलीवाल्या पोरांनी कित्येक वर्षं केलाय, मीपण केलाय. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी सिरीजमधली, झेनचं जी१०बी आणि एस्टीमचं जी१३, ब्लॉक दोन्हींचे अ‍ॅल्युमिनियमचे. मारुती ८०० मध्ये असलं काही करायला गेलास तर त्रास जास्त कारण ८०० चं तीन सिलेंडरचं एफ८बी वेगळ्याच घराण्यातलं. झेनला तसं नाही. पण म्हणून चार नट उघडले आणि बसवलं असंपण नाही हां.

झेनचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ६१ मिलीमीटर, एस्टीमचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. बघ, बोअर जवळपास तोच, बहुतेक वाढ स्ट्रोकमध्ये आहे. म्हणूनच खालच्या आरपीएमला ओढ मिळते, घाटात तुला तीच पाहिजे, आणि म्हणूनच ब्लॉक उंचीला जास्त. माझ्या गाडीत एअर क्लीनर बॉनेटला टेकतोय असं वाटत होतं, नजरेने कळेना. मग घरातून कणकेचा गोळा आणला, एअर क्लीनरच्या डोक्यावर चिकटवला, वरून प्लास्टिकची पिशवी, बॉनेट हळू बंद करून परत उघडलं आणि कणीक किती दबली ते मोजलं. दोन-तीन मिलीमीटर राहिली तर चालणार नाही, क्लच सोडताना इंजिन माउंटवर (ज्या रबरी बैठकींवर ते बसतं) हलतं, तेव्हा ठोकणार. बोटभर जागा हवी.

गिअरबॉक्स मी झेनचाच ठेवला, त्यामुळे ड्राइव्हशाफ्ट, गिअर लिंकेज, स्पीडोमीटरची केबल कशालाच हात लागला नाही. फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट मात्र इंजिनाबरोबरची, आणि प्लेटच्या स्प्लाइन (मधल्या भोकातले दाते) गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नीट सरकतात का ते सगळं जमिनीवर असतानाच बघून घे. नाहीतर इंजिन वर लटकलेलं, पाऊस आलेला, आणि तू स्प्लाइन मोजतोयस.

आता मुद्द्याचं. एस्टीम नेमकी कुठली आहे? कार्बवाली असेल तर ६५ बीएचपी, काम सोपं, तुझ्याच वायरिंगवर चालेल. ९९ नंतरची सोळा व्हॉल्व्हवाली एमपीएफआय (कार्बऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) असेल तर ८५ बीएचपी, पण मग नुसतं इंजिन आणून काही उपयोग नाही, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), अख्खी वायरिंग हार्नेस, सगळे सेन्सर, टाकीतला पेट्रोल पंप, परतीची पेट्रोल लाइन, सगळं लागतं. तुझा आत्ताचा पंप मेकॅनिकल आहे, कॅमशाफ्टवर चालतो, त्याला इंजेक्टरचं प्रेशर झेपणारच नाही. आयकॅट्सवाली (मारुतीची चोरी रोखणारी सिस्टिम असलेली) असेल तर चावी, इमोबिलायझर आणि ईसीएम एकाच गाडीचं हवं, नाहीतर स्टार्ट होणार नाही. भंगारवाल्याला सांगायचं वायर कापू नको, कनेक्टर काढून दे. तो ऐकणार नाही, कारण त्याला कटर चालवायची सवय. म्हणून स्वतः जा.

कागद_आधी:
वरच्या भावाने इंजिन छान सांगितलं, कागदाचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, मग मला कोणी रडका म्हणा. गाडी ९८ ची म्हणजे पंधरा वर्षं कधीच उलटली, रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी रिन्यू करतोयस ना? तिथे इन्स्पेक्टर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही बघतो. इंजिन नंबर जुळला नाही की तिथेच थांबलं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे तपशील आहेत त्यात कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पण हेच धरून निकाल दिलाय. आणि २०१९ च्याच दुरुस्तीत कलम १८२ए आलं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मॉडेलचं दुसरं बसवणं ही वेगळी गोष्ट, त्याला आधी अर्ज, खरेदीचं बिल, मग तपासणी आणि आरसीवर नवा नंबर, हे लोक करतात. पण तुझ्या आरसीवर क्युबिक कपॅसिटी ९९३ छापलेली आहे, तिथे १२९८ करून द्या म्हटलंस की साहेब आधी कलम ५२ काढणार.

इन्शुरन्सचं अजून एक. थर्ड पार्टीचा प्रीमियम सीसीवर ठरतो, १००० पर्यंत एक स्लॅब, १००० ते १५०० दुसरा. २०२२ च्या दरपत्रकात पहिल्याला २०९४ आणि दुसऱ्याला ३४१६. म्हणजे तू पैसे भरणार लहान इंजिनाचे आणि गाडीत मोठं. उद्या घाटात कोणाला लागलं आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडलं तर कंपनी हात वर करायला बघणार, आणि नुकसानभरपाई तुझ्या बागेतून जाणार. हजार-तेराशेचा फरक नाहीये हा.

आणि भंगारातलं इंजिन घेताना त्या गाडीच्या आरसीची कॉपी, मालकाचं पत्र, पक्कं बिल घे. इंजिन नंबरचा पॅड ग्राइंडरने घासलेला दिसला तर फुकट दिलं तरी घ्यायचं नाही.

परशुराम_घाट:
कागदवाले बरोबर बोलतायत, मी नाकारत नाही. माझी गाडी रस्त्यावर नसते, ऑटोक्रॉसला (मैदानातल्या शर्यतीला) ट्रेलरवरून नेतो, हे वर लिहायला हवं होतं.

डोंबिवलीचा_चाकरमानी:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा सेकंडहँड वॅगनार घे की राव. गणपतीला येताना बघतो आम्ही, अख्ख्या कोकणात प्रत्येक वाडीत एक झाकून ठेवलेली झेन आहे आणि तिचा मालक तिला विकत नाही, चालवतपण नाही.

मालगुंडची_झेन:
@डोंबिवली विकायचा विषय नाही म्हटलं ना पहिल्याच ओळीत :) आणि चालवतो मी, रोज बाजारात नेतो.

@परशुराम दादा, एस्टीम ९७ ची आहे म्हणजे कार्बचीच. @कागद आरसीचं ऐकून जरा पोटात गोळा आला. कंपनीनेच झेनमध्ये दीड लिटरचं डिझेल घातलेलं ना, मग १३०० ला काय एवढं?

कागद_आधी:
घातलेलं, प्युजोचं १५२७ सीसीचं टीयूडी५, ९८ च्या सुमारास. पण ते कंपनीने घातलं, टेस्ट करून अप्रूव्हल घेऊन, त्याप्रमाणे स्प्रिंग-सस्पेन्शन ठरवून. तू मांगरात घालणार. फरक तेवढाच, पण तोच मोठा.

कुडाळचो_मिस्त्री:
सगळ्यांचा वाचलंय. आता माझा ऐक रे झिला. एमआयडीसीत गॅरेज आसा माझा, झेन अजून येतत माझ्याकडे. तू म्हणतंस घाटात ओढत नाय. पण ह्या गाडीचे ५० बीएचपी आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास, ही गाडी नवी होती तेव्हा चार माणसा घेऊन आंबोली दुसऱ्या-तिसऱ्यात बिनबोभाट चढायची, मी स्वतः चालवलंय. तिसऱ्यात मरता म्हणजे इंजिन लहान आसा म्हणून नाय, काहीतरी गेलाला आसा. आधी ता बघ, मगे एस्टीम काय ती आण.

(मालवणीत लिहिलं की मुंबईची पोरं विचारत बसतात म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.)

पहिलं, एकाला पाय पूर्ण दाबायला बसव आणि तू एअर क्लीनर काढून कार्बोरेटरमध्ये वाक. बटरफ्लाय (पायाने उघडणारी आतली झडप) पूर्ण उभा होतो का? केबल ताणलेली असते, पायाखाली जाड मॅट टाकलेली असते, माणूस वर्षानुवर्षं पाऊण थ्रॉटलवर चालवतो आणि इंजिनाला शिव्या देतो. दुसरं, मागची चाकं जॅकवर उचल, हँडब्रेक सोड आणि हाताने फिरव. मालगुंड म्हणजे समुद्र दारात, खाऱ्या हवेत हँडब्रेकची केबल आणि व्हील सिलेंडर धरतात, ड्रम घासत राहतो. चाक एका धक्क्यात दोन-तीन फेरे फिरलं पाहिजे. तुझं अर्ध्यात थांबलं तर तू ब्रेक लावूनच घाट चढतोयस. तिसरं, क्लच. चढावर आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर प्लेट गेली. चौथं टायमिंग आणि डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम, त्याची रबरी नळी फुटलेली असते, दोन रुपयांची नळी.

कार्बोरेटर खोलून धू आणि किट टाक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, जुन्या गाडीची रबरं त्यासाठी केलेली नव्हती, डायफ्राम कडक होतो, होज आतून सुटतो आणि त्याचा काळा भुगा जेटमध्ये बसतो. त्यात इथेनॉल पाणी ओढतं आणि आपल्या हवेत पाणीच पाणी. गाडी महिनाभर झाकून ठेवणाऱ्यांची टाकी आतून गंजते ती त्यामुळे.

हे सगळं करून झालं की कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडर हवा किती दाबतो ते मोजायचं. इंजिन गरम, चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, चारही आकडे इथे टाक. आकडे आल्याशिवाय पुढे बोलणार नाही.

हर्णैचा_गंज:
मिस्त्रीकाकांना नमस्कार. एक भर. इंजिन कुठलंही घाल पण आधी ते ज्याला टांगायचं त्याला स्क्रूड्रायव्हर मारून बघ. झेनची बॅटरीखालची ट्रे आणि तिच्याखालचा पत्रा, तिथे अ‍ॅसिड आणि मीठ दोन्हींचा मार. वरून रंग एकदम झकास, फुगासुद्धा नाही, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं की आत. माझ्या गाडीला अंडरकोटिंग होतं, काळं चकचकीत, ते सोललं तर आतला पत्रा हातात आला, कोटिंगच गाडी धरून होतं. स्ट्रट टॉवर, माउंटची जागा आणि पुढचे चेसिसचे लांब दांडे हे तीन बघच. जास्त टॉर्क म्हणजे क्लच सोडताना माउंटवर जास्त ओढ, गंजलेला पत्रा तिथे फाटणार.

मालगुंडची_झेन:
काका, सगळं केलं. थ्रॉटल केबल ढिली होती, पाऊणच्याही आतच उघडत होता, लाज वाटली. मागचं डावं चाक हाताने ढकलून हलत नव्हतं, ड्रम काढायला हातोडा लागला, व्हील सिलेंडरच्या रबराखाली पाणी आणि चॉकलेटी चिखल. बॅटरीखालचा पत्रा गंजलाय पण भोक नाही, माउंटची जागा टणटणीत. कम्प्रेशन असं आलं, पीएसआयमध्ये: १६५, १७०, १६५, ११०. चौथा सिलेंडर.

कुडाळचो_मिस्त्री:
बघ. सापडला. आता चौथ्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोड आणि परत मार. आकडा वर गेला तर पिस्टनची रिंग. नाही हलला तर व्हॉल्व्ह. शेजारचा तिसरा पण पडलेला असता तर मी हेड गॅस्केट म्हटलं असतं, पण तो चांगला आहे.

मालगुंडची_झेन:
ऑईल टाकून १५० झाला.

कुडाळचो_मिस्त्री:
रिंग. म्हणजे इंजिन तसंही बाहेर काढायचंच आहे. आता तुझ्यापुढे दोन वाटा. एक, हेच इंजिन बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, व्हॉल्व्ह लॅप (घासून बसवणं), सगळे सील नवे. नंबर तोच, आरसी तीच, कोणाला विचारायला नको. दुसरी, एस्टीम. मी पहिलीच म्हणेन. आरटीओ लांब ठेव, पण ही गाडी केबल, ड्रम, कार्ब आणि चारही सिलेंडर नीट झाल्यावर कशी चढते हे तुला अजून माहीतच नाही. ज्या झेनचा तू राग करतोयस ती तीन सिलेंडरवर आणि एक चाक बांधून चालत होती.

परशुराम_घाट:
मी इंजिन स्वॅपचा (अदलाबदलीचा) भक्त असून काकांना दुजोरा देतो. आणि बाहेर काढशीलच तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑईल सील, क्लच प्लेट आत्ताच बदल, परत दोन वर्षांनी त्याच कामाला उघडायला नको. बोअरिंगला चांगल्या मशीनवर दे, पिस्टन आधी विकत घे आणि पिस्टन हातात देऊनच बोअर करून घे, आकडा सांगून नाही.

आता मांगराविषयी, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे विसरतात. गिअरबॉक्ससकट वजन शंभर किलोच्या पुढे. चेन ब्लॉक मांगराच्या वाशाला टांगू नको, तो वासा कौलांचा भार घ्यायला आहे आणि वाळवीने आतून काय केलंय ते तुला दिसत नाही. लोखंडी पाइपाची तिपाई कर किंवा भाड्याने क्रेन आण. आणि गाडीखाली चिरे (जांभ्याचे दगड) लावायचे नाहीत. आपल्याकडे प्रत्येकाच्या अंगणात चिऱ्यांचा ढीग असतो, हात तिकडेच जातो. जांभा भिंतीत दाबला गेला की शंभर वर्षं राहतो, पण जॅकिंग पॉइंटची लोखंडी धार एका जागी बसली की एका झटक्यात दुभंगतो, आधी कुरकुरतपण नाही. जॅक स्टँडच. आणि खळ्याची जमीन सारवलेली असेल तर स्टँडखाली जाड प्लायवूड, नाहीतर पाय जमिनीत जातो आणि गाडी तिरकी होते.

हर्णैचा_गंज:
गाडी वर आहे तोवर ब्रेक फ्लुइड पण बदल. ते पाणी शोषतं, डॉट ३ नवं असताना २०५ डिग्रीला उकळतं, पाणी शिरलं की १४० ला. कोकणातल्या गाडीत जुनं फ्लुइड आणि आंबा घाटाचा उतार म्हणजे खाली येईपर्यंत पेडल स्पंज. डॉट ४ टाकलंस तर ओलं झाल्यावरपण १५५ पर्यंत जातं, त्याच टाकीत चालतं.

डोंबिवलीचा_चाकरमानी:
वॅगनारचं मागे घेतो. माझ्या काकांची पण झेन आहे देवरुखला, तिची केबल बघायला सांगतो.

मालगुंडची_झेन:
ठरलं मग, आमचंच इंजिन करायचं. भावजींना कळवलं, ते म्हणाले एस्टीमचा रेडिएटर आणि स्टार्टर तरी घेऊन ठेव, ते बघू. बोअरिंग रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत बघतोय, कोल्हापूरला दिलं तर स्वस्त पडेल पण न्यायचं कशात हा प्रश्न, गाडीच उघडलेली असणार. चेन ब्लॉक आणि तिपाई कोणाकडे आहे का रत्नागिरी-जयगड बाजूला? भाडं देतो.

परशुराम_घाट:
माझी आहे, एक टनी, चिपळूणहून येऊन ने. बरोबर जॅक स्टँडपण ने चार. चतुर्थीच्या आत परत दे, त्यानंतर माझी गाडी उघडायचीय. आणि कूलिंगला विहिरीचं पाणी ओतलंस तर परत मागू नको.

कुडाळचो_मिस्त्री:
पिस्टनचो साइज ठरलो की हय टाक. आणि रिंगचे गॅप बसवच्या आधी फीलरच्या पातळ पात्यान मोज, डब्यावर लिवलला मानू नको.